धार तुटू नये

जयनगर, बेंगळूर
२८ नोव्हेंबर १९९३

चि. विठास अनेक आशीर्वाद.

आधी गोड बातमी, मग खुर्चीची. रक्षिताचं ठरलं! मुलाचं नाव अभिराज, मंडळी निपाणीची, मुलगा मात्र इथंच एका कंपनीत नकाशे काढायच्या कामाला आहे. माझ्या दुखण्याचं आम्ही पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मागाहून कुणाच्या तोंडून कळायला नको. मुलाची आई म्हणाली, "आमच्याही घरी माणसंच राहतात हो, ती आजारी पडतात." मला बाई एकदम आवडली. मुहूर्त मे महिन्यातला आहे. त्या उकाड्यात माझं काय होईल ते होवो.

आता खुर्ची. आली एकदाची घरात. काठी झाली, चार पायांचा वॉकर झाला, आता ही. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, नसांवरचं आवरण झिजतं, डोक्यातला निरोप पायापर्यंत पोचत नाही. मी म्हटलं, अहो, टपाल खात्यात तक्रार तरी करता येते. ते हसले, यांना मात्र राग आला. मधूनच एक झटका येतो आणि मला आणखी एक पायरी खाली नेऊन सोडतो. वर आणून सोडणारा झटका अजून आलेला नाही.

घर आपलं भाड्याचं. खोली तिथं उंबरा, आणि उंबरा तिथं खुर्ची अडते. मधले दोन उंबरे काढू का, असं यांनी वरच्या मालकीणबाईंना विचारलं. त्यांनी तोंडावर हातच ठेवला. "अय्यो, पुजलेला होसिलु तोडायचा?" त्याच होसिलुला इतकी वर्षं दर शुक्रवारी मीच हळद-कुंकू लावलंय. मग यांनी उतरत्या फळ्या करून बसवल्या. तुझ्या भावोजींचं तुला ठाऊक आहे, आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेलं, सुताराला हात लावू देईनात. न्हाणीघराच्या दाराची चौकट स्वतः रंध्याने तासली. तरी खुर्ची जेमतेम जाते आणि माझी बोटं सोलवटून निघतात. स्वयंपाकघरात ओटा माझ्या हनुवटीला लागतो. कढईत काय चाललंय ते वासावरून ओळखायचं! आता स्टोव्ह खाली चौरंगावर ठेवून घेतलाय.

ते सगळं जाऊ दे. माझं एकच मागणं आहे, विठा. धारेला मी बसणार. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, वधूवरांच्या जोडलेल्या हातांवर पाणी बापाने नाही, आईने सोडायचं, आणि मंत्र संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. आईनं आपल्या दोघींच्या वेळी सोडली, तशी मी माझ्या रक्षीच्या वेळी सोडणार. एकुलती एक लेक आहे. पाय गेले ते गेले, हात आहेत ना अजून. 

योगीरावांना नमस्कार.

तुझी,
अक्का

*

संडूर
१० डिसेंबर १९९३

ती. अक्कास विठाचा शिरसाष्टांग नमस्कार.

रक्षीचं ठरलं हे वाचलं आणि मी पत्र हातात घेऊन शेजारीपाजारी सगळीकडे नाचून आले! आमचे हे म्हणाले, बाई गं, लग्न तुझं आहे का? माझं नसेल, पण मावशी मीच ना? मला देवानं पोर दिलं नाही, पण रक्षीच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती, ते मी विसरलेली नाही. साड्यांचं माझ्यावर सोड. धारेची साडी इथून घेऊन येते.

आता थोडं रागावते, लहान असले तरी. अक्का, खुर्चीची सवय करून घेऊ नकोस. एकदा माणूस बसलं की बसतंच. आमच्या हेडमास्तरांच्या आईचं असंच झालं. थोडं थोडं चालत राहा. भिंत धर, भावोजींचा हात धर, पण चाल. सोबत तेल पाठवलंय, डोंगरातल्या वैद्याचं, वास घाण आहे पण गुण आहे म्हणतात. गुडघ्यापासून खाली चोळायचं. मी कुमारस्वामीला नवस बोलले आहे, लग्नात अक्का दोन पायांवर उभी राहिली तर पुढल्या कार्तिकात डोंगर अनवाणी चढेन. 

तुला मनानं खचू द्यायचं नाही, एवढंच. तू अशी बसलेली माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना मला हरवायचीस ती तू.

तुझी,
विठा

*

जयनगर
२० जानेवारी १९९४

चि. विठास आशीर्वाद.

तेल पोचलं. बाटली उघडली आणि वरच्या मालकीणबाई खाली आल्या विचारायला, उंदीर मेलाय का म्हणून. तरी चोळते हो, तुझ्या जिवासाठी.

पण सवयीचं जे लिहिलंस ते मला लागलं. स्वल्प बोलू दे. मी खुर्चीत बसते ती आळसानं नाही गं. भिंत धरून चालले असते तर ही चार चाकांची म्हैस घरात कोण आणणार होतं? सकाळी डोळे उघडले की मी आधी पायांना हाक मारते. कधी अंगठा हलतो, कधी नाही. न हलला की पांघरुणाखाली पडून वाट पाहायची, हे येऊन उचलेपर्यंत. ते काखेत हात घालतात, मी मानेला मिठी मारते, आणि आम्ही दोघं त्या खुर्चीपर्यंत असा काही नाच करतो की बघणारा लाजेल. तिथून न्हाणीघर. तिथं भोकाची लाकडी खुर्ची केलीय यांनी, कडा पॉलिश करून, कुठं टोचायला नको म्हणून. तिथं बसल्यावर ते दाराबाहेर पाठ करून उभे राहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या एका गोष्टीची मला अजून सवय होत नाही. आणि तू म्हणतेस सवय करून घेऊ नकोस.

संक्रांतीला बायका तीळगुळाचं एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या होत्या. एक बाई माझ्या समोर उभी राहून यांना विचारते, "यांना तीळ चालतात ना?" अगं, माझे पाय गेलेत, जीभ शाबूत आहे! मी कन्नडमधून असं काही उत्तर दिलं की बाईच्या हातातला डबा हलला. रक्षी आत जाऊन हसत होती.

आता चांगलं ऐक. मी धारेचा सराव करते आहे. आईची ती तोटीची गिंडी माझ्याकडेच आहे, चिंचेनं घासून लख्ख केली. रोज दुपारी खुर्ची मागच्या दारात लावून घेते आणि करिबेवच्या, आपल्या कढीपत्त्याच्या, कुंडीत पाणी सोडते, तोंडानं मंत्र म्हणत. सुरुवातीला धार नागिणीसारखी वळायची, आता सरळ पडते. झाड मात्र सडायला आलंय. काल शेवटपर्यंत तुटली नाही! मी एकटीच टाळ्या वाजवल्या असत्या, पण गिंडी खाली ठेवायला कुणी नव्हतं.

भटजींनाही विचारून झालं. त्यांना खुर्चीच्या बसण्याची शंका होती, ते रेक्झिन दिसतं चामड्यासारखं, आणि तीच खुर्ची न्हाणीत जाते. यांनी काय करावं? रेक्झिन उपटून सुती नवार विणली, लग्नापुरती वेगळी बैठक. धुऊन वाळवता येईल अशी. भटजी बघून म्हणाले, सरी, ठीक आहे, आता पाटच झाला हा. मंटपाच्या पायऱ्यांसाठी फळी करायचंही यांच्या डोक्यात आहे. सगळं जुळून आलंय. तू फक्त ये.

तुझी,
अक्का

*

जयनगर
२ मार्च १९९४

श्री. योगीराज व सौ. विठाबाई यांस खंडोजीचा नमस्कार.

पत्र लिहिण्याचा मला सराव नाही. घरातलं लिहिणं कौशल्याच करते. तिला न सांगता हे लिहितो आहे, तेव्हा उत्तरात याचा उल्लेख करू नये ही विनंती.

फेब्रुवारीत तिला मोठा झटका आला. दवाखान्यात ठेवावं लागलं. तुम्हाला कळवू नका असं तिनेच बजावलं होतं, म्हणून कळवलं नाही. आता घरी आहे. या वेळी उजवा हात धरला आहे. घास तोंडापर्यंत जातो, पण वाटेत सांडतो. नजरही मधून अंधुक होते. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, सगळं येईलसं सांगता येत नाही. उन्हाळ्यात हा त्रास वाढतो, आणि लग्न मे महिन्यात.

तिने सराव सोडलेला नाही. गिंडी हातातून सुटते. मी उचलून देतो, ती पुन्हा सुटते. परवा मी बाजारात गेलो होतो. पडलेली गिंडी घ्यायला ती वाकली आणि खुर्चीतून खाली आली. मी परत येईपर्यंत ती ओल्या फरशीवर तशीच होती. मला बघून म्हणाली, पाणी थंड आहे हो. एवढंच म्हणाली. मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

लेथवर एखादा पार्ट घसरत असला की मी पकड बदलायचो, पान्हा आवळायचो, काहीतरी करायचो. इथं मी एक गोष्ट करून आणतो तोवर दुखणं पुढं गेलेलं असतं. पायांसाठी दारं तासली, तर आता हात गेला. मी सारखा मागे पडतो आहे.

मांडवात सगळ्यांच्या देखत तिच्या हातून धार तुटली तर ती ते कधी विसरणार नाही. तो दिवस मला तिच्यावर येऊ द्यायचा नाही. म्हणून विनंती, रक्षिताची धार तुम्ही उभयतांनी सोडावी. जोडप्यानेच बसायचं असतं, तेव्हा मीही बसणार नाही, मी तिच्याजवळ थांबेन. मावशी म्हणजे आईच. कौशल्याचीही मनातून हीच इच्छा आहे, पण ती तोंडानं सांगणार नाही.

आपला,
खंडोजी

*

संडूर
१४ मार्च १९९४

ती. अक्कास विठाचा साष्टांग नमस्कार.

भावोजींनी लिहिलं होतं की विषय काढू नका. पण माझ्यानं राहवेना. इतकं मोठं देणं कुणी दिलं तर माणूस गप्प बसेल का? अक्का, तू मला तुझी जागा दिलीस!

आधी मी तुझ्यासाठी रडले. दवाखान्याचं मला एका ओळीनं कळवलं नाहीस, त्याचं भांडण मी समोर आल्यावर काढणार आहे. आणि मी मूर्ख तुला चाल चाल म्हणून पत्रं लिहीत होते! आमचे हे म्हणाले, ते पत्र अक्कांनी फाडलं असलं तर बरं.

मग जेव्हा पुढं वाचलं, की धार आम्ही दोघांनी सोडायची, तुझीच तशी इच्छा आहे, तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. इतक्या लग्नांत मी मागच्या रांगेत बसले. ओटी भरायची वेळ आली की आपणहून उठून स्वयंपाकघराकडे जायची, कुणाला अवघड वाटू नये म्हणून. कन्यादानाचं पुण्य या जन्मात आपल्याला नाही, हे मी कधीच धरून चालले होते. आमच्या यांनी पत्र वाचलं, कोट घातला आणि फिरायला गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, सोवळं नवीन घ्यावं लागेल.

सगळ्या गावाला सांगितलंय मी. या आठवड्यापासून गुरुवार धरलाय. मला नीट जमेल ना गं? तूच शिकव.

तुझ्या ऋणातली,
विठा

*

शुक्रवार, १८ मार्च

अहो,

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसू नका. तुमच्याशी मला भांडायचंय. तोंडानं भांडायला बसले तर मध्येच मला न्हाणीत न्यायची वेळ येईल, तुम्ही मला उचलाल, मी तुमच्या मानेला धरेन आणि भांडण तिथंच संपेल. ज्याच्या गळ्यात दिवसभर हात टाकावे लागतात त्याच्यावर ओरडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर लागेल तसं वाचा.

विठाचं पत्र आलंय. तुम्ही बँकेत गेला होतात, रक्षीनं वाचून दाखवलं. वाचता वाचता तिनं पत्र खाली ठेवलं. मला म्हणाली, "अम्मा, तू हे मला का नाही सांगितलंस?" मी लेकीसमोर मान हलवली, जसं काही मला सगळं ठाऊक होतं.

तुम्ही दारं तासलीत तेव्हा मला विचारलं नाहीत, मी काही म्हटलं नाही. फळ्या केल्यात, भोकाची खुर्ची केलीत, नवार विणलीत, सगळं माझ्या मापाचं. पण धारेला बसायचं की नाही हे ठरवायला माझ्या मापाची गरज नव्हती, मला विचारायची गरज होती. "कौशल्याचीही हीच इच्छा आहे." मी कधी म्हटलं? झोपेत म्हटलं का?

माझ्या हातून धार तुटली असती. तुटली असती तर तुटली असती! लोक चुकचुकले असते. मी रडले असते. पण ती माझ्या हातून तुटली असती. तुम्ही मला पडण्यापासून वाचवता वाचवता आता उठूच दिलं नाहीत.

आणि स्वतःचीही जागा सोडून मोकळे झालात. रक्षी तुमची नाही का? मला राग आलाय आणि तुमची कीवही येते, आणि दोन्ही एकदम आलं की माझी ओळ खालीच घसरते.

दुपारच्या कॉफीच्या वेळी माझ्याशी बोलू नका.

कौशल्या

*

शनिवार सकाळ

कौशल्या,

वाचलं. दोनदा वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे. तुला विचारायला मला धीर झाला नाही. विचारलं असतं तर तू मी बसणार म्हणाली असतीस, आणि मला नाही म्हणता आलं नसतं.

विठाला नको म्हणून लिही. माझं नाव घालून लिही की खंडोजीनं खोटं लिहिलं. मी आजच टपालात टाकतो. मांडवात मी तुझ्या हाताखाली हात धरीन, पाणी सांडलं तर दोघांचं सांडेल. भटजी काय म्हणायचं ते म्हणू देत.

कार्ड आणि पेन तुझ्या चौरंगावर ठेवलं आहे. पेनाला सुतळी गुंडाळून जाड केलं आहे, धरायला बरं पडेल.

खंडोजी

*

जयनगर
२४ मार्च १९९४

चि. विठास अनेक आशीर्वाद.

हे कार्ड लिहायला मला चार दिवस लागले. हातामुळं म्हण हवं तर.

होय, मीच म्हटलं होतं. धार तूच सोड. तुझ्या पत्राची ती जागा, योगीराव कोट घालून फिरायला गेले ती, मी रक्षीकडून पुन्हा वाचून घेतली. त्यानंतर लिहिण्यासारखं दुसरं काही राहत नाही. आता मनात किंतु आणू नकोस आणि गावभर सांगितलंयस ते बरं केलंस.

जमेल ना, असं विचारलंस. ऐक. गिंडी काठोकाठ भरायची नाही, पहिल्याच झुकावाला भसकन पडतं. तोटी त्यांच्या हातांच्या जवळ ठेव, उंचावरून सोडलंस की धार वारा खाते आणि वाकडी जाते. मनगट वळवू नकोस, कोपर हळूहळू वर ने, सगळं कोपराचं काम आहे. डावा तळवा बुडाशी धर. भटजी मध्ये श्वास घ्यायला थांबले तरी तू थांबायचं नाहीस. रडू आलं तर दात आवळून धर, हुंदक्याबरोबर हात हलतो. हे मला कुणी शिकवलं नाही, कुंडीवर शिकले.

गिंडी घासून ठेवते. येशील तेव्हा आधी दोन दिवस ये आणि माझ्यासमोर कुंडीत सोडून दाखव.

तुझी,
अक्का

*

संडूर
६ जून १९९४

ती. अक्कास विठाचा साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. येऊन आठवडा झाला तरी माझ्या कानातला सनई-चौघडा थांबत नाही. किती देखणं झालं गं सगळं! निपाणीची माणसं किती समजूतदार! विहीणबाईंनी जेवणाच्या पंगतीत तुझ्याशेजारी खुर्ची टाकून घेतली आणि तुझ्याबरोबर जेवल्या, मी बघितलं. रक्षीनं काल इथं शेजारच्यांकडे फोन केला होता, सुखात आहे.

आणि धार तुटली नाही, अक्का! तू सांगितलंस तस्सं केलं, कोपरानं. भटजींनी दोनदा श्वास घेतला, मी थांबले नाही. शेवटचा थेंब पडला तेव्हा आमचे हे माझ्याकडे असे बघत होते, जशी मी आजच लग्न होऊन घरात आलेय.

एकच चुटपुट आहे. मी मधून मधून तुझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होते, पण गर्दीत तू दिसेनास. पण तू तर अगदी पुढंच होतीस, पहिल्या रांगेत. सगळं डोळे भरून पाहिलं असशील. तुझं मन शांत झालं असेल, नाही का? तुझ्या तोंडून एकदा तेवढं कळलं की माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी,
विठा

*

जयनगर
२० जून १९९४

चि. विठास अनेक आशीर्वाद.

रक्षी गेल्यापासून घरात फार चालणं ऐकू येत नाही. आम्हा दोघांत चालणारं एकच माणूस, आणि तेही हल्ली चपला काढून चालतं, मी झोपले असेन म्हणून.

तू विचारलंस म्हणून खरं सांगते. तुला वाईट वाटेल, तरी सांगते, कारण मला तुझ्याकडून काही हवंय.

मी पहिल्या रांगेत होते, बरोबर आहे. नवारीची बैठक, नवी साडी, मांडीवर अक्षता. तुम्ही दोघं पाटावर बसलात तोवर मला दिसत होतं. योगीरावांचं सोवळं नीट चापून नेसलेलं होतं, तेही दिसलं. मग कुणीतरी "गट्टिमेळ, गट्टिमेळ" ओरडलं, वाद्यं कडाडली, आणि लग्नाच्या छत्रातली सगळी माणसं उठून उभी राहिली. माझ्या मागचे, बाजूचे, सगळे अक्षता घेऊन पुढं आले. विठा, उभ्या माणसांच्या गर्दीत बसलेल्या माणसाला काय दिसतं ठाऊक आहे? पाठी दिसतात. साड्यांच्या निऱ्या, पट्टे, कुणाच्या तरी कडेवरच्या पोराचे बूट. मी म्हणत होते, अहो, जरा सरका, मला दिसत नाही, मी आई आहे. सनईत कुणाला ऐकू जाणार? एका बाईंनी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, सरकतील. त्यांनी हसून आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली, "स्वल्प धरा हं," आणि दोन्ही हातांनी अक्षता टाकायला मोकळ्या झाल्या.

मी पर्स धरून बसले. माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. टाकल्या असत्या तर त्या बाईंच्या पाठीवर पडल्या असत्या.

हे माझ्या मागं खुर्ची धरून उभे होते. उंच माणूस, त्यांना दिसलं असणार. मी मान वर करून विचारलं, काय चाललंय हो, धार सुरू झाली का? त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना बोलता येईना. नुसती मान हलवली. पुन्हा विचारलं तर ते खाली वाकून खुर्चीचं चाक चाचपायला लागले. मग मी विचारलं नाही. घरी आल्यावरही विचारलं नाही, अजूनही विचारत नाही. ते लेकीच्या लग्नाचा विषय निघाला की बाहेर जाऊन चाकांना तेल घालत बसतात.

गर्दी बसली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. रक्षीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

तू जागा घेतलीस म्हणून मला दुःख नाही. तुझ्या हातून धार तुटली नाही हे वाचून मी खरंच हसले. ती जागा तुझीच होती असं मी आता माझ्या मनाला रोज सांगते, कधी ना कधी ते ऐकेल. पण माझ्या लेकीची धार कशी पडली ते मला ठाऊक नाही, विठा. अख्ख्या छत्रात मला एकटीलाच ठाऊक नाही.

तेव्हा तू लिही. सगळं लिही, काही गाळू नकोस. पाणी पहिल्यांदा हातावर पडलं तेव्हा रक्षीनं डोळे मिटले होते का? तिची बोटं वर होती की अभिराजची? थंड लागलं का तिला? ती रडली का, आणि रडली तर कुणाकडं बघून? मी कुठं आहे म्हणून तिनं शोधलं का? शोधलं नसलं तरी तसंच लिही, खोटं लिहू नकोस.

मी तिथंच होते. मला काही दिसलं नाही.

तुझी,
अक्का